एक स्पेनला, एक नामपल्लीला

आमच्या घराण्यातून एकाच वर्षी दोघीजणी इंग्रजी शिकवायला बाहेर पडलो. मावसबहीण स्पेनला गेली आणि मी नामपल्लीला.

स्पेनचं शिक्षण खातं परदेशातल्या तरुण मुलामुलींना तिथल्या शाळांमध्ये संभाषण सहायक म्हणून नेमतं. ऑक्टोबर ते मे असा मुक्काम, आठवड्याला बारा ते सोळा तास काम, आणि काम म्हणजे मुलांशी इंग्रजीत बोलत राहायचं. वर विद्यावेतन. हे ऐकल्यावर आमचे वडील बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बोलायचे पैसे देतात?" आमच्या घरात तीन पिढ्या सगळे फुकट बोलत आलेत. किती उत्पन्न बुडालं याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

मावशीनं ही बातमी संध्याकाळपर्यंत निम्म्या सोलापुरात पोचवली. शेजारच्या आजींना कमी ऐकू येतं.

"पेणला चालली? गणपती आणायला?"

"पेण नाही हो आजी, स्पेन! परदेशात. विमानानं!"

"मग मूर्ती सांभाळून आण म्हणावं. विमानात हात मोडतो."

माझी बातमी कुणी कुणाला सांगितली नाही. मी हैदराबादला आत्याकडे राहून बी.एड. करत होते. २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यात वीस आठवडे खऱ्याखुऱ्या शाळेत जाऊन राबणं आलं. त्याला आंतरवासिता म्हणतात. कॉलेजनं मला नामपल्लीतली एक शाळा दिली. आत्याचं घरही नामपल्लीतच. त्यामुळे माझा परदेश आत्याच्या दारापासून सायकल रिक्षाही लागणार नाही इतक्या अंतरावर होता.

दोघी एकाच आठवड्यात सोलापूरहून निघालो. तिच्यासाठी किराणा दुकानातला तराजू घरी आला होता, कारण विमानात तेवीस किलोच्या वर नेऊ देत नाहीत. शेंगाची चटणी, कडक भाकरी, मेतकूट, एक चादर (सोलापूरचा माणूस चादरीशिवाय सरहद्द ओलांडत नाही) हे सगळं भरल्यावर तेवीस किलो झाले, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की कपडे राहिलेत. दोन ड्रेस बसवण्यासाठी भाकरी काढाव्यात की नाही यावर रात्री एकपर्यंत चर्चा झाली. शेवटी एक ड्रेस निघाला. मी पहाटे हुसेनसागर एक्स्प्रेसला बसले तेव्हा वडील फलाटावर म्हणाले, "पोचलीस की मिस कॉल दे. उचलणार नाही."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, नामपल्लीच्या स्टेशनवर नामपल्लीला उतरता येत नाही. तिथं पाटी हैदराबादची आहे. १९०७ साली निजामाच्या रेल्वेनं बांधलेलं हे स्टेशन कागदोपत्री हैदराबाद, आणि अख्ख्या गावाच्या तोंडी नामपल्ली. बाहेरून आलेला माणूस रिक्षावाल्याला ऐटीत सांगतो, "हैदराबाद स्टेशन." रिक्षावाला त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो आणि विचारतो, "कौनसा? सिकंदराबाद, काचीगुडा की नामपल्ली?" या एका प्रश्नात गावोगावच्या भल्याभल्यांच्या गाड्या चुकल्यात. आमच्या सोलापूरच्या मंडळींना मात्र सवय आहे, कारण दर जूनमध्ये मृग लागला की नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर दम्यासाठी मासा गिळायला देशभरातून माणसं येतात. तोंडात औषध भरलेला बोटभर जिवंत मासा. आमच्या नात्यातले सगळे दमेकरी त्यासाठी आत्याकडे उतरतात, दोन दिवस राहतात, बिर्याणी खातात आणि जाताना म्हणतात, गुण आला. मासा की बिर्याणी, हे आत्यानं अजून विचारलेलं नाही.

बी.एड.मध्ये आधी खोट्या वर्गावर शिकवायला लावतात. याचं नाव सूक्ष्म अध्यापन. गेल्या शतकात साठच्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात हा प्रकार निघाला. आपल्याकडे आल्यावर त्याचं रीतसर वेळापत्रक झालं. सहा मिनिटं शिकवा, सहा मिनिटं बोलणी खा, बारा मिनिटं पुन्हा तयारी करा, सहा मिनिटं पुन्हा शिकवा, सहा मिनिटं पुन्हा बोलणी खा. एकूण छत्तीस. विद्यार्थी म्हणून समोर आपलेच वर्गमित्र. त्यातला एक, स्वतःला दोन मुलं असलेला, सातवीतला मुलगा होऊन "टीचर, मे आय ड्रिंक वॉटर?" असं विचारायचा आणि नाही म्हटलं की मनापासून रुसायचा. या मुलांची एकच गोष्ट चांगली होती. उत्तरं बरोबर यायची. आदल्या रात्री आम्हीच ती त्यांना पाठवलेली असायची.

मग पाठ टाचण. जर्मनीतल्या हर्बार्ट या तत्त्वज्ञाच्या शिष्यांनी एकोणिसाव्या शतकात धडा शिकवण्याच्या पायऱ्या घालून दिल्या. जर्मन लोक पुढे निघून गेले, आम्ही अजून त्याच जिन्यावर आहोत. टाचणात दोन रकाने असतात. एका बाजूला शिक्षक काय करेल, दुसऱ्या बाजूला विद्यार्थी काय करतील. हा दुसरा रकाना म्हणजे शुद्ध कल्पनाविलास. "विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतील." "विद्यार्थी उत्स्फूर्तपणे उत्तर देतील." "विद्यार्थ्यांमध्ये जिज्ञासा जागृत होईल." वर्तमानपत्रातलं राशिभविष्य निदान "संभवते" तरी म्हणतं.

सगळ्यात नाजूक पायरी प्रस्तावनेची. धड्याचं नाव आपण सांगायचं नाही. असे प्रश्न विचारायचे की मुलांच्या तोंडून ते आपोआप बाहेर पडलं पाहिजे. मग आपण आनंदाश्चर्याचा भाव आणून म्हणायचं, "येस! टुडे वी आर गोइंग टु लर्न..." माझा पहिला धडा होता 'रेल्वे स्टेशनवरचं संभाषण'. नामपल्लीच्या मुलांना यापेक्षा सोपं काय असणार, या भरवशावर मी वर्गात शिरले.

"चिल्ड्रन, हाऊ डू वी गो टु मुंबई?"

"खालू की गाडी में, टीचर."

"नो, नो. बिग व्हेइकल. लाँग. छुक छुक."

"ट्रेन!"

"व्हेरी गुड! अँड व्हेअर डज द ट्रेन स्टॉप?"

साठ मुलं एका सुरात ओरडली, "नामपल्ली!"

"येस, बट दॅट प्लेस... व्हॉट डू वी कॉल दॅट प्लेस?"

"नामपल्लीच बोलते, टीचर."

मी फळ्यावर एक लांबलचक फलाट काढला. त्यावर पाटी काढली. पाटी पाहून पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला आणि माझा जीव भांड्यात पडला.

"टीचर, इसपे हैदराबाद लिखना पडता."

शेवटचा उपाय म्हणून मी विचारलं, गाडी इथून पुढे कुठं जाते? पुढचं स्टेशन, त्याच्या पुढचं स्टेशन, असं करत तो शब्द येईल असं मला वाटलं होतं. खिडकीजवळचा मुलगा उठून अत्यंत समजूतदारपणे म्हणाला, "कहीं नै जाती टीचर. यांपेच खतम हो जाती." आणि ते खरं होतं. नामपल्लीला रूळच संपतात. माझी प्रस्तावनाही तिथंच संपली.

त्या रात्री अडीच वाजता मावसबहिणीचा फोन आला. ही तिची रोजची वेळ. स्पेनमध्ये हिवाळ्यात घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं, आणि तिकडे लोक रात्री दहाला जेवायला बसतात. त्यामुळे ती पहिला घास घेताना मला उठवायची आणि विचारायची, "जेवलीस का?"

तिच्या म्हणण्याप्रमाणे त्या गावात सगळंच उशिरा. दुपारचं जेवण अडीचला, मग दुकानं बंद, मग पाचच्या पुढे पुन्हा शटर वर. याचं कारण मी कुठंतरी वाचलं होतं ते आत्याला सांगितलं. जनरल फ्रँकोनं १९४० साली स्पेनची घड्याळं एक तास पुढे ढकलून जर्मनीच्या वेळेशी जुळवली, ती पुन्हा मागे आणायचं राहून गेलं. लोक मात्र सूर्याच्याच वेळेला भूक लावून घेतात. आत्या पोळ्या लाटताना म्हणाली, "आमच्याकडं कुणी फ्रँको आला नाही, तरी दुकान उघडायला अकरा वाजतात."

मावसबहिणीचा दुसरा मोठा धक्का भेटण्याच्या पद्धतीचा होता. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये ती हात जोडायच्या तयारीत उभी, आणि समोरून एकेक बाई येऊन तिच्या दोन्ही गालांना गाल लावून जायला लागली. मग पुरुष शिक्षकही आले. कुठल्या बाजूनं सुरुवात करायची हे तिला माहीत नव्हतं, त्यामुळे गणिताच्या सरांच्या चष्म्यावर तिचं नाक आदळलं. मावशी हे ऐकून देवासमोर जाऊन बसली. आत्या तेवढ्यावर भागवणारी नव्हे. ती म्हणाली, "त्यात काय? ईदला आमच्या शेजारणी मला तीन तीन वेळा कवळून भेटतात. मी काय सोलापूरला फोन लावून रडते?"

तरी आमच्या घरात स्पेनची किंमत दिवसागणिक वाढत होती. मावशीकडे येणाऱ्या प्रत्येकाला मुलीचे फोटो दाखवले जात. चर्चसमोर ती, कारंज्यासमोर ती, एका बंद दुकानासमोर ती. (बंद दुकानांचे फोटो बरेच होते. तिला मोकळा वेळ दुपारीच मिळायचा.) मीही एकदा उत्साहानं नामपल्लीतल्या दर्ग्याच्या कमानीसमोरचा फोटो पाठवला. मावशीचं उत्तर आलं, "छान. येताना मोत्यांचा सर आण."

आणि शिकवण्याचं म्हणाल तर तिकडेही उजेडच होता. स्पॅनिश मुलांना शब्दाच्या सुरुवातीला 'स'चं जोडाक्षर नुसतं उच्चारता येत नाही, आधी 'ए' लावावाच लागतो. एस्कूल, एस्टेशन, एस्पेन. आमची मुलं इस्कूल आणि इस्टेशन म्हणतात. म्हणजे विमानाचं भाडं भरून तिनं जे ऐकलं ते मी चालत जाऊन ऐकत होते. तिकडची मुलं हॅलोला घशातून खरवडून 'खॅलो' म्हणायची आणि वय सांगताना "आय हॅव ट्वेल्व्ह इयर्स," म्हणजे बारा वर्षं खिशात असल्यासारखी. माझी मुलं "आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स" म्हणायची. आम्ही दोघी रात्री अडीचला हे एकमेकींना सांगून हसायचो आणि मग आत्या भिंतीवर हात आपटायची.

तिथल्या मुख्य इंग्रजी बाईंनी एकदा तिला फार आदरानं विचारलं, "तुमचा उच्चार ब्रिटिश आहे की अमेरिकन?"

अस्सल सोलापुरी, असं म्हणायला तिची जीभ वळवळली होती. ती म्हणाली, "इंटरनॅशनल."

सुट्ट्यांच्या बाबतीत मात्र स्पेननं आमच्या वडिलांचं मन जिंकलं. तिकडे ६ डिसेंबरला संविधान दिन आणि ८ डिसेंबरला मेरीमातेचा सण. मधला ७ तारखेचा दिवस एकटाच कामाला लावणं कुणालाच बरं वाटत नाही. मग सुट्टीवरून सुट्टीवर जायला लोक त्या दिवसाचा पूल करतात, आणि त्याला ते खरंच पूलच म्हणतात. वडील निवृत्त जिल्हा परिषद कर्मचारी. ते फोनवर भारावून म्हणाले, "हे आम्ही आयुष्यभर केलं, पण त्याला नाव देता येतं हे सुचलं नाही."

आंतरवासितेत शैक्षणिक सहल अनिवार्य. मी मुलांना बाग-ए-आम, म्हणजे पब्लिक गार्डनमधल्या म्युझियममध्ये नेलं. तिथं इजिप्तची एक खरीखुरी ममी आहे. सहाव्या निजामाच्या जावयानं ती विकत आणली, सातव्या निजामाला भेट दिली आणि त्यांनी ती १९३० साली म्युझियमला देऊन टाकली. जावयानं सासरी काय आणावं याला काही मर्यादा असते, पण ते असो. मला भूतकाळ शिकवायचा होता आणि भूतकाळासाठी याहून भक्कम शैक्षणिक साधन अख्ख्या भारतातल्या कुठल्याही छात्राध्यापिकेकडे नव्हतं. टाचणात मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'साधन : ममी (मूळ)'.

"शी लिव्हड इन इजिप्त," मी काचेच्या पेटीशी उभी राहून म्हणाले. "लॉंग लॉंग अगो. रिपीट. शी लिव्हड."

"नै टीचर," खिडकीजवळचा तो मुलगा म्हणाला. "शी लिव्ज इन नामपल्ली."

"शी इज डेड, बेटा."

"हौ टीचर. लेकिन पता तो यांइच का है ना?"

मागून एक मुलगी अत्यंत काळजीनं म्हणाली, "आधार बनवाये क्या इनका?"

पहारेकऱ्यानं आम्हाला शांत राहायला सांगितलं. मग तोच मुलांना ममीबद्दल दखनीत सांगू लागला आणि मुलं एकदम चिडीचूप झाली. वीस मिनिटं. टाचणातला तो दुसरा रकाना तेवढ्या वेळात जसाच्या तसा खरा झाला. लक्षपूर्वक ऐकणं, उत्स्फूर्त उत्तरं, जिज्ञासा, सगळं. फक्त पहिल्या रकान्यात माझ्याऐवजी पहारेकरी होता.

१ जानेवारीला नुमाइश सुरू झाली. हैदराबादबाहेरच्या वाचकाला नुमाइश म्हणजे जत्रा वाटेल. हैदराबादच्या माणसाला ती वर्षातला सातवा ऋतू वाटते. १९३८ साली याच पब्लिक गार्डनमध्ये ती पहिल्यांदा भरली, १९४६ पासून नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर भरते, आणि १५ फेब्रुवारीपर्यंत काश्मिरी शाली, लखनवी कुर्ते, लोणच्याच्या बरण्या आणि आकाशपाळणे यांच्यासाठी सगळं शहर नामपल्लीत येतं. म्हणजे आत्याकडे येतं. मैदान दुपारनंतर उघडतं, आणि बरोबर त्याच सुमाराला, माझ्या शेवटच्या तासाला, लाऊडस्पीकर तपासायला घेतात. "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग." त्या आवाजापुढे मी फक्त तोंड हलवायचे. मुलं उद्घोषणा मात्र अक्षर न् अक्षर पाठ करायची. उर्दूत, तेलुगूत आणि इंग्रजीत. अमुक रंगाचा फ्रॉक घातलेली मुलगी हरवली आहे, पालकांनी कार्यालयात यावं.

यावरूनच मला कल्पना सुचली. निरीक्षणाचा पाठ होता, शेवटच्या बाकावर कॉलेजचे सर गुणपत्रिका मांडीवर घेऊन बसले होते, आणि विषय होता व्यक्तीचं वर्णन. मी हर्बार्टला नमस्कार केला आणि मुलांना म्हणाले, आपण नुमाइशमधली हरवलेल्या माणसाची उद्घोषणा करायची. प्रत्येकानं एकेक माणूस हरवायचा. इंग्रजीत.

साठ हात वर. असा प्रकार माझ्या वर्गात याआधी फक्त सुट्टी जाहीर झाल्यावर घडला होता. पहिल्या मुलीनं आपली आजी हरवली. "शी इज फॅट. शी इज अँग्री. शी इज ईटिंग मिरची भजी." दुसऱ्यानं थोरला भाऊ हरवला आणि सापडला तरी परत देऊ नये अशी विनंती केली. सर लिहिता लिहिता थांबले. मग तो खिडकीजवळचा उठला. त्यानं मुठीचा माइक केला, त्यात दोनदा फुंकर मारली.

"अटेन्शन प्लीज. वन इंग्लिश टीचर इज मिसिंग. शी इज वेअरिंग ग्रीन साडी. शी इज टॉकिंग, टॉकिंग. नोबडी इज लिसनिंग. प्लीज कम टु ऑफिस अँड टेक हर."

वर्ग कोसळला. सरही कोसळले, पण शिस्तीत, गुणपत्रिका तोंडासमोर धरून. तास संपल्यावर त्यांनी ती माझ्या हातात दिली. विद्यार्थी सहभाग : उत्कृष्ट. भाषा वापर : उत्कृष्ट. वर्ग नियंत्रण या रकान्यात त्यांनी नुसती आडवी रेघ मारली होती. खाली शेरा : "हिरवी साडी टाळावी."

तिकडे स्पेनमध्ये मे महिना आला. शाळा सोडताना मावसबहिणीला मुलांनी मोठं कार्ड दिलं. मुख्य बाई म्हणाल्या की एवढ्या महिन्यांत मुलांचं इंग्रजी किती सुधारलंय ते तूच बघ, आणि त्यांनी एकेका मुलाला उभं केलं. पहिल्यानं विचारलं, "व्हॉट इज युवर गुड नेम?" दुसरी म्हणाली, "यू डू वन थिंग, यू कम टुमॉरो ओन्ली." तिसऱ्यानं मान डावी-उजवीकडे हलवून "या या" म्हटलं. मान हलवणं तर अभ्यासक्रमातही नव्हतं. आता त्या गावातले बारा-तेरा वर्षांचे सगळे नागरिक सोलापूरच्या अशोक चौकातल्यासारखं इंग्रजी बोलतात आणि शाळेनं तिला पुढच्या वर्षी पुन्हा यायची गळ घातली आहे.

मावशीनं पेढे वाटले. त्यातला एक डबा हुसेनसागर एक्स्प्रेसनं आत्याकडे आला. मासा गिळायला आलेले एक काका तो घेऊन आले होते. पेढा तोंडात टाकून आत्या माझ्याकडे वळली.

"तूपण पुढच्या वर्षी जरा लांब कुठंतरी जाऊन ये बाई. या नामपल्लीत किती दिवस काढणार?"

"कुठं जाऊ, आत्या?"

आत्यानं खरंच विचार केला.

"सिकंदराबादला जा. माणसं वेगळी आहेत म्हणतात. अमीरपेटला मेट्रो बदलावी लागते, तेवढी झोपू नको."